आत्याबाईंची रानशेरडं

ह्यांच्या बँकेत चार वर्षांतून एकदा एलएफसी मिळायची. म्हणजे रजा घेऊन भारतात कुठंही फिरून या, गाडीभाडं बँकेचं. लग्नानंतर ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी मनातल्या मनात काश्मीरची बॅग भरूनसुद्धा ठेवली होती. ह्यांच्या शाखेतले सगळे तिकडंच जाऊन आले होते. शिकाऱ्यात बसून, फुलाफुलांचे झगे घालून काढलेले त्यांचे फोटो मी वाशीतल्या निदान चार घरांत पाहिले होते, आणि दर वेळी घरी येऊन ह्यांना त्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं होतं.

एका संध्याकाळी हे कामावरून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ठरलं. मुन्नारला जायचं."

"तिथं काय आहे?"

"ताहर."

"म्हणजे?"

"एक प्रकारची डोंगरी बकरी. फक्त दक्षिणेतल्या थोड्या डोंगरांत उरलीय, बाकी जगात कुठंच नाही. तिथं एराविकुलम म्हणून राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात दिसते."

मी कपबशा उचलून आत गेले आणि पुढचे दोन दिवस कामापुरतंच बोलले.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. वाशी तेव्हा नवीकोरी होती. रस्ते रुंद आणि रिकामे, कडेला लावलेली झाडं अजून कमरेएवढी. आमची दोन खोल्यांची तळमजल्यावरची जागा, मागं थोडं अंगण, त्यापुढं खाडीपर्यंत तिवरांचं रान. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. हे बँकेत कारकून. पण खरा जीव रविवारात. रविवारी सकाळी जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून हे खाडीवर पाखरं बघायला जायचे, नाहीतर बस धरून खारघरच्या डोंगरात. तिथं तेव्हा वस्ती नव्हतीच. संध्याकाळी पायाला चिखल आणि चेहऱ्यावर आनंद घेऊन परत. मला त्यातलं काही कळत नसे. पण हे खूश असले की घर बरं वाटायचं, म्हणून मी चिखलाबद्दल फारसं बोलत नसे.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्या माणदेशातल्या. तिकडं सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणायचे. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांना गावाहून वाशीला आणलं होतं. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हाडापेरानं काटक बाई. जन्म सगळा शेरडं राखण्यात गेला. तिकडं शेळ्यांना शेरडंच म्हणतात. वाशीत आल्यापासून मात्र त्या नुसत्या बसून असायच्या. सकाळी मागच्या दारात, दुपारी पुढच्या दारात. मी त्यांना काही काम करू द्यायचे नाही, कारण त्यांना आराम मिळावा असं मला वाटायचं. त्या आरामानंच त्यांचा जीव विटलाय, हे माझ्या ध्यानात यायला बराच उशीर झाला. आमच्यात भांडण कधी नव्हतं. बोलणंही फार नव्हतं. "जेवलात का?" "व्हय, जेवले." एवढ्यावर दिवस जायचा.

त्यांना घरी एकट्या ठेवून जाणं शक्य नव्हतं. ह्यांनी त्यांना सांगितलं, "आये, आपण कन्याकुमारीला जायचं. देवीचं दर्शन, तीन समुद्र एका जागी. जाता जाता वाटेत एक डोंगर बघायचा."

"डोंगरात काय हाय?"

"रानातली शेरडं."

आत्याबाईंनी लेकाकडं नीट निरखून बघितलं. "आरं, शेरडं बगायला एवढ्या लांब? गावाकडं चल की. कवाची दावते."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावून मी स्वयंपाकघरात पळाले. त्या दिवशी माझा रुसवाही संपला. आपल्या बाजूनं बोलणारं कुणीतरी घरात आहे, असं पहिल्यांदा वाटलं.

जानेवारीत निघालो. गाडीत दोन रात्री काढल्या. आत्याबाई खिडकीशी बसून बाहेरची जनावरं बघायच्या. कुठं म्हशी कशा, बैलांची शिंगं कशी, मेंढरांच्या अंगावर लोकर का नाही, यावर त्यांचं सारखं काही ना काही चाललेलं. घरात दोन वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं बोलणं मी त्या गाडीत ऐकलं. एर्नाकुलमला उतरून बसनं घाट चढायला लागलो. वळणं घेत घेत गाडी वर जाते आणि एकदम सगळे डोंगर चहाच्या मळ्यांनी भरून जातात. कापल्यासारखी सारखी, हिरवीगार झुडपं, नजर पोचेल तिथवर.

आत्याबाई खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढा समदा च्या कोन पितंय गं?"

"आपणच की, आत्याबाई."

"मी आपली दोनदा घेते," त्या म्हणाल्या, जणू आपल्यावर उगीच आळ येतोय.

मुन्नार तेव्हा लहानसं गाव होतं. बाजाराच्या रस्त्यावर एका लॉजमध्ये खोली मिळाली. थंडी अशी की सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नसे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपनं उद्यानाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथून डांबरी रस्ता चालत चढायचा. एका बाजूला काळ्या कातळाची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार. तो कुठपर्यंत खाली जातो ते दिसत नव्हतं, कारण सगळीकडं धुकं भरलेलं. ह्यांनी आपली कानटोपी आणि जाड कोट आईच्या अंगावर घातला आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर फिरले. धुक्यातून बारीक पाऊस झिरपत होता. दुपारी तीनपर्यंत आम्ही त्या रस्त्यावर वर-खाली केलं. ताहर सोडा, दहा पावलांवरचं झाडही दिसलं नाही. हे प्रत्येक दगडाला दुर्बीण लावत होते. दुर्बिणीच्या काचेवरही धुकंच.

त्या संध्याकाळी ह्यांना हुडहुडी भरली. सकाळपर्यंत अंग चुलीसारखं तापलेलं. लॉजच्या मालकानं डॉक्टर बोलावून आणला. त्यानं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आज अंथरुणातून उठायचं नाही.

आणि आमच्या हातात तेवढाच एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळची कन्याकुमारीची बस, तिथं एक मुक्काम, आणि तिथूनच परतीच्या गाडीचं आरक्षण.

हे भिंतीकडं तोंड करून पडून होते. मग वळले आणि म्हणाले, "तू आणि आये जाऊन या."

"वेड लागलंय का? तुम्हाला असं टाकून?"

"मला काय होतंय, झोपूनच तर राहायचंय. अगं, इथवर येऊन निदान कुणीतरी बघायला नको का? मला येऊन सांग." आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. मग तापातसुद्धा मला शिकवायला लागले, कुठलं चाक फिरवलं की चित्र स्पष्ट होतं, मादी कशी ओळखायची, म्हाताऱ्या नराच्या पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा चंदेरी पट्टा असतो. सहा वर्षं हे त्या जनावराबद्दल वाचत होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणणंही होईना.

आत्याबाईंनी लेकाच्या कपाळावर हात ठेवून बघितला, पांघरूण पायाखाली खोचलं आणि म्हणाल्या, "चल पोरी. दुपारच्याला परत यू."

फाटकाशी कालचाच वनरक्षक होता. पन्नाशीचा, सावळा, किडकिडीत, खाकी स्वेटरला कोपरावर ठिगळ. त्याला तमिळ येत होतं, थोडं मोडकं हिंदी. आज आम्ही दोघीच आलेल्या बघून त्यानं विचारलं, "साब?"

"बुखार," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि आमच्याबरोबर चालायला लागला. दोन बायका धुक्यात एकट्या जातायत, हे त्याला बरं वाटलं नसावं.

धुकं कालच्यासारखंच होतं. मी मनात म्हणत होते, तासभर फिरू आणि उतरू. तेवढ्यात आत्याबाई रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. मला वाटलं दम लागला. तर त्यांनी गवतातून काहीतरी उचललं, बोटांत चुरडलं, नाकाजवळ नेलं.

"आत्याबाई, काय करताय? टाका ते!"

"लेंड्या हाईत. आज सकाळच्या. अजून वल्या हाईत." त्यांनी मान वर करून कातळाकडं बघितलं. "रातभर वर बसल्याती. उन्हं पडली की खाली उतरत्याल. शेरडाला वल्यात बसवत न्हाई."

वनरक्षक बघतच राहिला. मी माझ्या हिंदीत त्याला सांगितलं की आत्याबाईंनी जन्मभर बकऱ्या पाळल्यात. त्याला समजलं. तो हसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मेरा अम्मा भी. आडु." आणि हातानं शिंगं करून दाखवली.

"काय म्हनतो?"

"तमिळमध्ये शेळीला आडु म्हणतात."

"आडू व्हय? आमी शेरडू म्हनतो," आत्याबाई थेट त्यालाच म्हणाल्या. "शे-र-डू."

"शेरडू," तो म्हणाला.

यानंतर माझी मधे गरजच उरली नाही. ती दोघं रस्त्याच्या कडेला एका मोठ्या दगडावर बसली. हा तमिळमध्ये बोलायचा, त्या माणदेशीत, आणि दोघांच्या माना एकाच वेळी हलायच्या. कान, कास, खूर, शिंगं, सगळं हातांनी दाखवून चाललेलं. मी थंडीनं कुडकुडत उभी होते आणि माझी सासू एका परक्या माणसाशी खळखळून हसत होती. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. आपण ह्या बाईला दोन वर्षं दारात नुसतं बसवून ठेवलं, असं मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

साडेदहाच्या सुमाराला वारा सुटला. धुकं आधी हललं, मग फाटलं, आणि समोर अख्खा डोंगर उघडा पडला. ऊन कातळावर आलं. आत्याबाईंनी माझा हात धरून खाली ओढलं, "बस. हलू नगंस."

कातळावरून ती उतरत होती. आधी तीन, मग सात-आठ, मग मला मोजता येईनात. तपकिरी राखाडी, चांगली दांडगी, शिंगं मागं वळलेली. ज्या उभ्या भिंतीवर मांजर टिकणार नाही, तिथून ती जिन्यावरून यावं तशी येत होती. पिल्लंसुद्धा. मधोमध एक मोठा काळपट नर, पाठीवर खरंच चंदेरी खोगीर. मी दुर्बीण डोळ्यांना लावली, पण तिची गरजच नव्हती. दोन माद्या रस्ता ओलांडून आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन गवत खायला लागल्या. दात गवत तोडतात त्याचा आवाज ऐकू येत होता. पिवळसर, आडव्या बाहुलीच्या डोळ्यांनी एकीनं माझ्याकडं बघितलं आणि मी काही महत्त्वाची नाही असं ठरवून पुन्हा खाली मान घातली.

मला बोलता येईना. आत्याबाईंना येत होतं.

"बोकडाला दाढी न्हाई," त्या कुजबुजल्या. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "काय गं ही जात? एवढा मोठा बोकड आन् दाढी न्हाई."

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून मी हलत राहिले. वनरक्षकानं आम्हा दोघींना डोळ्यांनी दटावलं.

अर्धा तास गेला असेल. कळप चरत चरत खालच्या उताराला लागला. मी उठायला लागले तर आत्याबाई जागच्या हलेनात. त्या कळपाकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर वर, रस्त्याच्या वळणापाशी कातळात एक चिंचोळी कपार होती तिथं लागलेली. तिथं एक मादी एकटीच उभी होती.

"ती का न्हाई आली?" त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून बघितलं. "बग, शेपटी कशी धरलीय. उठती, बसती. खुरानं जमीन उकरतीय. पोरी, ती व्यायला आलीय. आजच. आत्ताच."

मी वनरक्षकाला सांगितलं. त्याला आधी खरं वाटलं नाही. त्यानं माझ्याकडून दुर्बीण घेतली, बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "अम्मा सही बोलता," तो म्हणाला. मग बोट ओठांवर ठेवून आम्हाला पंधरा-वीस पावलं मागं नेलं. इतकी वर्षं इथं आहे, पण असं रस्त्याजवळ कधी बघितलं नाही, असं त्यानं खुणेनं सांगितलं.

तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. पाच-सहा जणांचा एक घोळका चढून येत होता. काळे चष्मे, हातात ट्रान्झिस्टर, त्यावर गाणी मोठ्यानं लावलेली. त्यांच्यातल्या एकाला वळणापाशी एकटी उभी असलेली मादी दिसली. तो कॅमेरा काढून ओरडला, "अरे वो देख! एकदम पास से मिलेगा!" आणि धावतच निघाला.

वनरक्षक त्याला अडवायला पुढं सरकला, पण त्याच्या आधी आत्याबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ह्यांचा गुडघ्याखाली येणारा कोट, त्याखाली नऊवारी, डोक्यावर कानटोपी, दोन्ही हात आडवे पसरलेले.

"ए बाबा! मागं सर! एक पाऊल फुडं टाकलंस तर तंगडं मोडीन!"

त्याला शब्द एकही कळला नसणार. पण तो थांबला. मागचेही थांबले. एक जण हसला, "ये बुढ़िया क्या बोल रही है?"

मी तशी भित्री. कचेरीत साहेबासमोरसुद्धा मान वर न करणारी. पण ते 'बुढ़िया' ऐकलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं जाऊन म्हणाले, "उसको बच्चा होनेवाला है. आपके घर में किसी का बच्चा होता है तो आप वहाँ रेडिओ बजाते हो? बंद करो वो!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कॅमेरावाल्यानंच मागं वळून ट्रान्झिस्टर बंद केला. "सॉरी, बहनजी," म्हणाला. वनरक्षकानं त्यांना खालच्या बाजूला नेऊन कळप दाखवला आणि तो परत आमच्याकडं आला.

त्या कपारीकडं बघत आम्ही तिघं दीड तास बसलो. मी आत्याबाईंच्या डोळ्यांना दुर्बीण लावून दिली. आधी त्यांना नुसतं काळं दिसलं, मग आभाळ, मग एकदम त्या दचकून मागं सरल्या. "आगं माझ्या बाई! हितं आली की!" त्यांनी हात पुढं करून चाचपून बघितलं. नंतर मात्र ती दुर्बीण त्यांनी मला परत दिलीच नाही. जे होत होतं ते त्या मला हळू आवाजात सांगत राहिल्या, आणि मी नुसत्या डोळ्यांनी जेवढं दिसेल तेवढं बघत होते.

"कळ आली... बसली... उठली परत. पयलारू दिसती, घाबरलीय... आता पाय आलं. फुडचंच हाईत, बरं झालं... दम धर बाई, दम धर..." त्यांचा एक हात माझ्या मनगटावर होता आणि प्रत्येक कळेला तो आवळला जात होता. मग तो एकदम सैल पडला. "सुटली," त्या म्हणाल्या. "सुटली बग."

मग मी दुर्बीण ओढूनच घेतली. ओलं, काळपट, हातभर लांब असं काहीतरी कातळावर पडलेलं. आई त्याला भराभरा चाटत होती. त्यानं मान उचलली, पडलं. पुढचे पाय लावले, पडलं. त्या कपारीची रुंदी जेमतेम आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी, आणि खाली सरळ कडा. पण चौथ्या की पाचव्या खेपेला ते उभं राहिलं, थरथरत, चारही पाय चार दिशांना फाकवून. आणि डोकं ढोसत ढोसत कासेला लागलं.

वनरक्षकानं डोळे पुसले. मीही पुसले. आत्याबाईंनी पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, "आता वार पडंस्तवर कुनी जवळ जाऊ नगा. ह्याला सांग." पिल्लामागून पडते ती वार, हे मी त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यानं दोन्ही हात जोडले. आता ह्या मोसमात ते उद्यान पिल्लांसाठी बंदच ठेवतात असं ऐकते. बरंच झालं म्हणायचं. तेव्हा तसं नव्हतं, म्हणून आम्हाला बघायला मिळालं.

लॉजवर परत येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. ह्यांना कसं सांगायचं? ज्यांनी सहा वर्षं ध्यास घेतला ते खाटेवर, आणि काश्मीरसाठी रुसलेल्या मला हे सगळं दिसलं. काहीच दिसलं नाही असं सांगावं का, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

आत्याबाईंनी मला तेवढा वेळच दिला नाही. दार उघडल्या उघडल्या त्यांनी सुरुवात केली आणि खाटेच्या कडेला बसून पहिल्या लेंडीपासून शेवटच्या घोटापर्यंत सगळं सांगितलं. मधेच उठून त्या मादीसारख्या उभ्या राहिल्या, मधेच खाली बसून पिल्लू कसं धडपडलं ते दाखवलं. ताप थोडा उतरला होता. हे उशीला टेकून, तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी त्या लोकांना झापलं, तेही त्यांनी मोठं करून सांगितलं. "ही बोलली त्यास्नी! अशी बोलली! मला वाटलं ह्या पोरीला तोंडच न्हाई."

सगळं ऐकून झाल्यावर हे हसले. "कुणालाही दिसत नाही हे, आये. पुस्तकं लिहिणाऱ्यांनासुद्धा नाही." आणि तोंड वळवलं. मला ते वळलेलं तोंड बघवेना.

आत्याबाईंनाही बघवलं नसावं. त्यांनी विचारलं, "ती परतीची गाडी. ती एर्नाकुलमवरनं जाती का न्हाई?"

"हो, कन्याकुमारीहून सुटते आणि एर्नाकुलमवरूनच जाते," हे म्हणाले.

"मग आपन मदीच चढू की. कन्याकुमारी ऱ्हाऊ द्या."

"आये, तुझं दर्शन..."

"देवी हाय तितंच ऱ्हानार हाय. ते करडू चार दिसांत डोंगरावर जाईल. परवा बगायला जाऊ. तवर तू बरा हो." आणि विषय संपल्यासारखं त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हितं भाकरी कुटं मिळंल का गं? त्याला भात घालून घालून ताप जायचा न्हाई."

भाकरी काही मिळाली नाही. पण तिसऱ्या दिवशी ताप पूर्ण गेला. आम्ही ह्यांना दोन्ही बाजूंनी धरून, तीनदा बसवत त्या रस्त्यानं वर नेलं. वनरक्षक वाटच बघत होता. आदल्या दिवशी मादी पिल्लाला घेऊन कपारीतून उतरली होती, ती कुठं आहे ते त्यानं हेरून ठेवलं होतं. आकाश लख्ख होतं. गवताच्या उतारावर, आमच्यापासून चाळीसेक पावलांवर ती उभी होती आणि पिल्लू तिच्याभोवती गोल गोल उड्या मारत होतं, दोन दिवसांचं, जणू पायाखाली स्प्रिंगा आहेत.

ह्यांनी दुर्बीण लावली, काढली, परत लावली. मग तिथंच गवतावर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. आत्याबाई शेजारी बसून होत्या. एकदा मी ऐकलं, त्या विचारत होत्या, "दिसतंय का नीट?" आणि हे म्हणाले, "दिसतंय, आये."

निघताना वनरक्षक आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला. आत्याबाईंनी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीत होती, ती सगळी पुरचुंडी त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "तुज्या आईला दे," म्हणाल्या. त्याला कळलं असावं. त्यानं ती कपाळाला लावली.

वाशीला परत आल्यावर ती गोष्ट आमच्या बिल्डिंगमध्ये महिनाभर चालली. रोज दुपारी कुणीतरी ऐकायला यायचं आणि आत्याबाई दर वेळी उठून मादीसारख्या उभ्या राहायच्या. धुणीभांडी करायला बाजूच्या जुन्या गावातून एक आगरी बाई यायची. तिनंही ऐकली. एका सकाळी ती कामाच्या वेळेआधीच धापा टाकत दारात आली.

"आजी घरान हाय का? आमची शेली अरलीय. रातपासून करडू येत नाय. तिला काय झाला तर म्हातारा माजा जेवनार नाय."

मी आत बघेपर्यंत आत्याबाई पदर खोचून बाहेर आल्या होत्या. "कोमट पानी आन् गोडंतेल हाय का घरात?" असं तिला विचारत त्या चालायलासुद्धा लागल्या. चपला घालायचं राहिलं होतं. मी चपला घेऊन मागून धावले आणि त्या दिवशी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मिठागराच्या बांधावरून आम्ही दोघी त्या गावात गेलो. तिथल्या कुडाच्या गोठ्यात आत्याबाई तासभर गुडघ्यावर बसून होत्या, आणि मी कंदील धरावा तशी दारातली फळी बाजूला धरून त्यांना उजेड देत होते. करडू आडवं आलं होतं. त्यांनी ते आत हात घालून, हळूहळू वळवून काढलं. एकामागून एक दोन निघाली, दोन्ही जिवंत.

त्यानंतर त्या दारात बसल्या नाहीत. सकाळी उठून बांधावरून त्या गावात जायच्या आणि दुपारी जेवायला घरी यायच्या, लुगड्याला शेळ्यांचा वास घेऊन. हे तोंडभर हसून म्हणायचे, "आयेची बँक आमच्यापेक्षा लवकर उघडते." मी जेवण वाढता वाढता विचारायचे, "आज काय झालं, आत्याबाई?" आणि त्या सांगायच्या. ऐकता ऐकता माझं वाढणं राहून जायचं.